प्रगत मॉलिक्युलर जेनेटिक्स (एमएस्सी आणि पीएचडी): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत प्रवेशाबद्दल आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लॅक ओपेरॉनबद्दल, असे प्रश्न दरवर्षी येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. १ ते ६ प्रवेश, परीक्षा आणि लॅबबद्दल आहेत. ७ पासून खुद्द विषय सुरू होतो. कुठलंही उत्तर एकटं वाचलं तरी चालेल. सविस्तर दुसरीकडे लिहिलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. मॉलिक्युलर बायोलॉजी आणि मॉलिक्युलर जेनेटिक्स असे दोन वेगळे पेपर का? रेप्लिकेशन, ट्रान्सक्रिप्शन दोन्हीकडे तेच तर आहे.

धडे तेच, प्रश्न विचारायची रीत वेगळी. बायोकेमिस्ट पेशी फोडतो, एन्झाइम शुद्ध करतो आणि ते नळीत काय करतं ते बघतो. जेनेटिसिस्ट पेशीतलं एक जनुक बिघडवतो आणि पेशीचं काय अडतं ते बघतो. दोघांची उत्तरं जुळतातच असं नाही.

आर्थर कॉर्नबर्ग यांनी ई. कोलाय या जिवाणूमधून डीएनए पॉलिमरेज वेगळं केलं, १९५९ चं नोबेल मिळवलं, आणि पेशीत डीएनएची प्रत काढणारं एन्झाइम ते हेच, असं बहुतेकांनी धरून टाकलं. १९६९ मध्ये पॉला द लुसिया आणि जॉन केर्न्स यांनी हजारो वसाहती तपासून असा एक म्युटंट (जनुक बिघडलेला जिवाणू) शोधला, ज्याच्यात या एन्झाइमची क्रिया जेमतेम एक टक्का उरली होती. तो मजेत वाढत होता! फक्त अल्ट्राव्हायोलेट किरणांपुढे लवकर मरत होता. म्हणजे हे एन्झाइम मुख्यतः दुरुस्तीचं. प्रत काढणारं दुसरंच कुणीतरी. ते पॉलिमरेज ३ पुढे सापडलं, आणि शोधणाऱ्यांत कॉर्नबर्ग यांचा मुलगा थॉमस होता. नळीतला पुरावा खरा होता, पण पेशीत ते एन्झाइम कशासाठी आहे हे म्युटंटने सांगितलं. हा पेपर त्या दुसऱ्या प्रकारच्या पुराव्याचा आहे. (या म्युटंटच्या गोष्टीला पुढे आणखी एक वळण आहे, ते १२ मध्ये.)

२. माझी बीएस्सी बॉटनीतून (किंवा झूलॉजी, मायक्रो) झाली आहे. झेपेल का?

झेपेल. मायक्रोवाल्यांना प्लाझ्मिड, फेज, कॉन्ज्युगेशन ओळखीचं असतं, पण थ्री-पॉइंट क्रॉस दिसला की घाम फुटतो. बॉटनी-झूलॉजीवाल्यांचं बरोबर उलट. सत्राच्या मध्यापर्यंत हे भरून निघतं.

भरून निघत नाही ते गणित, आणि ते सगळ्यांचंच कच्चं असतं. फार नाही लागत: संभाव्यतेचा गुणाकार-बेरीज, काय-स्क्वेअर, पॉयसाँ वितरण आणि लॉग. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर तीन जनुकांच्या टेस्टक्रॉसमधली आठ प्रकारची संतती आणि त्यांचे आकडे समोर घ्या. सर्वांत कमी संख्येचे दोन वर्ग बघून मधलं जनुक कोणतं हे सांगता आलं, आणि ते वर्ग कमी का असतात हे शेजारच्याला समजावता आलं, तर पाया पुरेसा आहे.

३. एमएस्सीसाठी कोणत्या प्रवेश परीक्षा द्याव्यात?

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं पाठबळ असलेल्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी, आयआयटी आणि काही इतर संस्थांसाठी जॅम (पेपर बायोटेक्नॉलॉजीचा), केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, आणि आपल्याकडच्या विद्यापीठ विभागांच्या स्वतःच्या परीक्षा. टीआयएफआर आणि बंगळुरूच्या एनसीबीएससारख्या ठिकाणी इंटिग्रेटेड पीएचडीला जायचं असेल तर टीआयएफआरची जीवशास्त्राची परीक्षा साधारण डिसेंबरात होते. तिचा अर्ज बहुतेक जण विसरतात. गॅट-बीच्या पहिल्या भागात बारावीच्या पातळीचं गणित आणि भौतिकशास्त्रही असतं, तेव्हा जुन्या वह्या रद्दीत घालू नका. तारखा आणि नियम बदलतात, त्या वर्षीची अधिकृत सूचनाच प्रमाण माना.

४. सीएसआयआर-यूजीसी नेटच्या लाइफ सायन्सेसमध्ये या विषयाचं वजन किती? पार्ट सी सुटतच नाही.

पेपर २०० गुणांचा. पार्ट ए मध्ये २० पैकी १५ आणि पार्ट बी मध्ये ५० पैकी ३५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी २ गुण. पार्ट सी मध्ये ७५ पैकी फक्त २५, पण प्रत्येकी ४ गुण. म्हणजे अर्धा पेपर तिथेच आहे. चुकीच्या उत्तराला २५ टक्के गुण कापतात. अभ्यासक्रमाच्या तेरा घटकांपैकी तिसरा (मूलभूत प्रक्रिया), आठवा (इनहेरिटन्स) आणि तेरावा (पद्धती) हे तीन या विषयाचे म्हणता येतील.

पार्ट सी सुटत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: वाचन प्रश्नपेढीतून झालेलं असतं आणि उत्तर पाठ असतं. तिथे विचारतात ते असं: हा म्युटंट, हा डबल म्युटंट, हा जेल, यातून कोणता निष्कर्ष निघत *नाही*? त्यासाठी ७ ते १२ मधले प्रकार हाताने, कागदावर, पर्याय झाकून सोडवा. ७५ पैकी २५ निवडायचे आहेत हे विसरून पहिल्यापासून सोडवत जाणं हा दुसरा घोटाळा.

५. डेझर्टेशनसाठी लॅब कशी निवडू? आमच्या कॉलेजात पीसीआर मशीनसुद्धा धड चालत नाही.

आधी जीव बघा, मग उपकरणं. सहा महिन्यांच्या प्रकल्पात जेनेटिक्स करायचं तर पिढी छोटी हवी. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, यीस्टला दीड तास लागतो, सी. एलेगन्सची पिढी तीन-चार दिवसांची, फळमाशीची २५ अंशांवर दहा दिवसांची. झीब्राफिशला तीन महिने लागतात; तिथे सहा महिन्यांत तुम्ही दुसऱ्याच्याच म्युटंटवर काम कराल. तेही वाईट नाही, पण माहीत असावं.

पुण्यात आयसर, एनसीसीएस, आघारकर संस्था आणि एनसीएल, मुंबईत टीआयएफआर, आयआयटी आणि परळची प्रजनन आरोग्य संस्था, खारघरला अ‍ॅक्ट्रेक. पत्र लिहिताना त्या गटाचा एक अलीकडचा पेपर वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल दोन ओळी लिहा. ‘आपल्या नामांकित संस्थेत’ अशी सुरुवात असलेली पत्रं कुणी पूर्ण वाचत नाही. तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप हाही रस्ता आहे, पण अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात भरावा लागतो.

कॉलेजातच करायचं ठरलं तर माश्या किंवा यीस्ट घ्या. बाटल्या, कॉर्नमील, अगर, यीस्ट, गूळ आणि एक स्टिरिओ मायक्रोस्कोप यावर माशीचं खरंखुरं जेनेटिक्स होतं. फक्त तापमान-संवेदी म्युटंट घेऊ नका; मेमध्ये दुपारी वीज गेली की स्टॉकच जातो.

६. इंग्रजी रिसर्च पेपर वाचताना दोन पानांतच दमायला होतं. कसे वाचायचे?

पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू नका. आकृत्या आधी. प्रत्येक आकृतीला तीन प्रश्न विचारा: काय मोजलंय, कशाशी तुलना केलीय, आणि निकाल उलटा आला असता तर लेखकांनी काय म्हटलं असतं? तिसऱ्याचं उत्तर सापडत नसेल तर प्रयोग अजून कळलेला नाही. त्यानंतरच मजकूर.

जुन्या पेपरांपासून सुरुवात करा, कारण त्यात एका पेपरात एकच मुद्दा असतो. मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा पेपर छोटा आहे आणि मोफत उपलब्ध आहे. चर्चा मराठीतच करा. ‘डबल म्युटंटमध्ये दुसरं जनुक गेलं तरी फरक पडत नाही, म्हणजे ते खालचं नसणार’ असं मराठीत बोलता आलं की इंग्रजीत लिहिणं हा फक्त सरावाचा भाग उरतो. उलट दिशेने, म्हणजे इंग्रजी वाक्यं पाठ करून समज येईल या आशेने गेलेले मध्येच अडकतात.

७. फ्लक्चुएशन टेस्टमध्ये सरासरीऐवजी व्हेरियन्सला एवढं महत्त्व का? आणि त्यातून म्युटेशन रेट कसा काढायचा?

लुरिया आणि डेलब्रुक (१९४३) यांच्यासमोरचा प्रश्न असा होता: फेजला (जिवाणू मारणाऱ्या विषाणूला) दाद न देणारे जिवाणू फेज भेटल्यामुळे तयार होतात, की ते आधीच तिथे असतात?

फेजमुळे होत असतील तर प्रत्येक पेशीला सारखीच छोटी संधी. मग वेगवेगळ्या नळ्यांतल्या प्रतिरोधी वसाहतींचे आकडे पॉयसाँ वितरणात बसतील, आणि पॉयसाँमध्ये व्हेरियन्स सरासरीइतकाच असतो. ते आधीच असतील तर म्युटेशन कधी घडलं यावर सगळं अवलंबून. नळीत वाढ सुरू होताना घडलं तर त्या एका पेशीची सगळी पिलावळ प्रतिरोधी. शेवटच्या विभाजनात घडलं तर एखाददुसरी वसाहत. म्हणून काही नळ्यांत शून्य, काहींत दोन-चार आणि एखाद्या नळीत शंभरावर. अशा नळीला जॅकपॉट म्हणतात, आणि ती व्हेरियन्स सरासरीच्या कितीतरी पट फुगवते. सरासरी दोन्ही गृहीतकांत सारखी येऊ शकते, म्हणून ती निकाल देऊ शकत नाही.

रेटसाठी सर्वांत सोपी रीत शून्य असलेल्या नळ्यांची. समजा २० नळ्यांपैकी ११ मध्ये एकही वसाहत नाही. शून्याचं प्रमाण ०.५५. याचा नैसर्गिक लॉग घेऊन चिन्ह बदला: ०.६. म्हणजे दर नळीमागे सरासरी ०.६ म्युटेशनच्या घटना. नळीत १० कोटी पेशी असतील तर रेट झाला ६ × १०⁻⁹. हमखास होणारी चूक म्हणजे वसाहती मोजून पेशींनी भागणं. ती म्युटंटची वारंवारता झाली. त्यात एकाच घटनेची लेकरं अनेकदा मोजली जातात.

८. कॉम्प्लिमेंटेशन आणि रीकॉम्बिनेशन दोन्हींत वाइल्ड टाइप परत दिसतो. मग फरक कसा ओळखायचा?

वाइल्ड टाइप म्हणजे मूळ, न बिघडलेलं रूप. कॉम्प्लिमेंटेशनमध्ये डीएनए तसाच राहतो. दोन्ही म्युटंट क्रोमोसोम एका पेशीत आले, एकाने एक प्रथिन पुरवलं, दुसऱ्याने दुसरं, आणि काम भागलं. त्यामुळे असे दोन क्रोमोसोम असलेली *प्रत्येक* पेशी वाइल्ड टाइप दिसते आणि संततीत म्युटंट पुन्हा बाहेर पडतात. रीकॉम्बिनेशनमध्ये डीएनए खरोखर तुटून जोडला जातो. ते क्वचित घडतं आणि घडलं की ती संतती कायमची वाइल्ड टाइप.

सीमोर बेन्झर यांच्या टी-४ फेजच्या कामात हे आकड्यांत दिसतं. आर-टू म्युटंट लॅम्डा असलेल्या के स्ट्रेनवर वाढत नाहीत. दोन म्युटंट एकत्र टाकले आणि जवळजवळ सगळ्या पेशी फुटल्या, तर कॉम्प्लिमेंटेशन: जनुकं दोन. तुरळक प्लाक (फेजने जिवाणू मारून पाडलेले स्वच्छ ठिपके) आले तर रीकॉम्बिनेशन: जनुक एकच, जागा वेगवेगळ्या. एकही नाही, तर जागाही एकच असावी किंवा एक जण डिलीशन असावा. प्रश्नात ‘किती’ हा आकडा दिलेला असतो तो यासाठी.

९. लॅक ओपेरॉनचे पार्शियल डिप्लॉइड दरवेळी चुकतात. काही पक्की रीत आहे का?

आहे. अशा पेशीत लॅकच्या दोन प्रती असतात, एक क्रोमोसोमवर आणि एक प्लाझ्मिडवर. दोन्ही डीएनए दोन वेगळ्या ओळींत लिहा आणि ओळीतल्या ओळीत वाचा. आय जनुकाचं प्रथिन (रिप्रेसर, जे ओपेरॉन बंद ठेवतं) पेशीभर फिरतं, म्हणून ते दोन्ही ओळींना लागू. ऑपरेटर (ओ, म्हणजे रिप्रेसर बसायची जागा) फक्त स्वतःच्या ओळीचा मालक. ओ-सी म्हणजे रिप्रेसर बसू न शकणारा ऑपरेटर. झेड हे बीटा-गॅलॅक्टोसायडेजचं जनुक, वाय परमिएजचं.

उदाहरण. क्रोमोसोमवर आय-प्लस, ओ-सी, झेड-मायनस, वाय-प्लस. एफ प्लाझ्मिडवर आय-प्लस, ओ-प्लस, झेड-प्लस, वाय-मायनस. पहिली ओळ कायम चालू, पण तिच्यातून उपयोगी फक्त वाय निघतं. दुसरी ओळ इंड्यूसर (इथे लॅक्टोज) असेल तेव्हाच चालू आणि तिच्यातून उपयोगी फक्त झेड निघतं. उत्तर: परमिएज कायम, बीटा-गॅलॅक्टोसायडेज लॅक्टोज असताना.

आता फसवे अलील (एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं). आय-एस इंड्यूसरला ओळखत नाही, म्हणून तो आय-प्लसवर प्रभावी ठरतो आणि सगळं बंद ठेवतो. पण ओ-सी ला त्याचीही पकड बसत नाही, तेव्हा आय-एस सोबत ओ-सी असेल तर ती ओळ चालूच. आय-मायनस-डी तर आणखी गमतीशीर: रिप्रेसर चार उपएककांचा असतो, त्यात एक बिघडलेलं उपएकक शिरलं की सगळा चौकडा निकामी होतो. म्हणून ‘मायनस’ असूनही तो आय-प्लसवर प्रभावी. ‘लॉस ऑफ फंक्शन म्हणजे रिसेसिव्ह’ हे वाक्य पाठ करणाऱ्यांसाठी परीक्षक हाच अलील राखून ठेवतात.

१०. दोन रिसेसिव्ह म्युटंट एकमेकांना कॉम्प्लिमेंट करत नाहीत, म्हणजे जनुक एकच. हा नियम कधी मोडतो?

दोन्ही बाजूंनी मोडतो.

जनुक एकच असून कॉम्प्लिमेंटेशन दिसू शकतं. प्रथिन अनेक उपएककांचं असेल तर दोन वेगवेगळ्या जागी बिघडलेली उपएककं एकत्र येऊन थोडंफार काम करतात. ई. कोलायचं अल्कलाइन फॉस्फटेज दोन उपएककांचं. त्यात हे १९६० च्या दशकातच दाखवलं गेलं. ओळख अशी की क्रिया वाइल्ड टाइपइतकी येत नाही, आणि नल अलील (काहीच काम न करणारा) घेतला की हा प्रकार नाहीसा होतो. (याच एन्झाइमवर अ‍ॅलन गॅरेन यांच्याबरोबर १९६२ मध्ये नॉनसेन्स सप्रेशनचं काम केलेले ओबेद सिद्दिकी पुढे टीआयएफआरमध्ये आले आणि मुंबईत हा विषय रुजला.) माशीत आणखी एक कारण असतं, ट्रान्सव्हेक्शन: जोडीतल्या एका क्रोमोसोमचा एन्हान्सर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) शेजारच्या क्रोमोसोमवरचं जनुक चालवतो. एड लुइस यांनी १९५४ मध्ये बायथोरॅक्सवर ते मांडलं.

उलट बाजूने, जनुकं दोन असून कॉम्प्लिमेंटेशन न दिसण्याचं जिवाणूंतलं नेहमीचं कारण म्हणजे पोलर म्युटेशन. झेडमध्ये लवकर नॉनसेन्स (प्रथिन मध्येच थांबवणारं म्युटेशन) आला की त्याच आरएनएवरचं पुढचं वायही कमी होतं, आणि तो म्युटंट वाय-मायनसला मदत करू शकत नाही. ९ मधल्या उदाहरणात झेड-मायनस मिसेन्स (एकच अमिनो आम्ल बदललेलं) आहे असं गृहीत धरलं होतं. नॉनसेन्स असता तर परमिएजचं उत्तर डळमळलं असतं. दुसरं कारण मात्रेचं: एकाच यंत्रणेतली दोन प्रथिनं दोन्ही अर्धी-अर्धी झाली की यंत्रणा बसते. ट्युब्युलिनच्या जनुकांत हे दिसलं आहे.

आणि म्युटंट प्रभावी असेल तर ही चाचणी करूच नये. निकाल काहीही आला तरी अर्थ लागत नाही.

११. एपिस्टॅटिक जनुक अपस्ट्रीम की डाउनस्ट्रीम? एका ठिकाणी एक लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी उलट.

दोन्ही बरोबर आहेत, पाथवे वेगळे आहेत. (डबल म्युटंटमध्ये ज्याचं रूप दिसतं ते जनुक एपिस्टॅटिक.) इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा हा जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर.

पदार्थ तयार होण्याचा पाथवे घ्या. यीस्टमध्ये एडीई-२ गेलं की वसाहत लाल होते, कारण अडलेल्या पायरीआधीचा पदार्थ साठून त्याचं रंगद्रव्य बनतं. एडीई-८ गेलं तर वसाहत पांढरीच. डबल म्युटंट पांढरा. कारण एडीई-८ ची पायरी आधीची. माल तिथेच अडला, लाल व्हायला पुढे काही पोचलंच नाही. इथे एपिस्टॅटिक म्हणजे अपस्ट्रीम.

आता नियंत्रणाचा पाथवे. गॅल-४ गेलं तर गॅलॅक्टोजची जनुकं कधीच चालू होत नाहीत. गॅल-८० गेलं तर कायम चालू. दोन्ही गेले तर? बंद. गॅल-८० चं काम गॅल-४ ला दाबून ठेवणं; दाबायला गॅल-४ च नसेल तर गॅल-८० असो वा नसो. इथे एपिस्टॅटिक म्हणजे डाउनस्ट्रीम, कारण शेवटचा निर्णय खालच्याच्या हातात असतो.

म्हणून आधी विचारा: मी साठलेला पदार्थ बघतोय की चालू-बंद बघतोय? तरीही तीन ठिकाणी हात आखडता घ्या. दोन्ही सिंगल म्युटंट सारखेच दिसत असतील तर क्रम कळणार नाही. डबल म्युटंट दोघांहून वाईट असेल तर नल अलीलांच्या बाबतीत ते समांतर रस्ते असण्याची शक्यता जास्त. आणि अलील नल नसतील, थोडं काम शिल्लक असेल, तर डबल म्युटंट वाईट दिसण्याला एकाच रस्त्यातलं दुहेरी नुकसानही पुरेसं असतं. निष्कर्ष काढूच नका.

१२. जनुक नॉकआउट केलं आणि म्युटंट अगदी नॉर्मल. मग त्या जनुकाला काही काम नाही का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. यीस्टच्या सुमारे सहा हजार जनुकांपैकी साधारण एक हजारच अशी आहेत की ती काढली तर पेशी समृद्ध माध्यमावरही जगत नाही. बाकीच्यांची गरज मीठ वाढलं, उष्णता वाढली, अन्न संपलं तेव्हा कळते, किंवा जुळं जनुक काम सांभाळून घेतं.

आधी मात्र नॉकआउट खरंच झालंय का ते बघा. क्रिस्परने (हवं ते जनुक कापण्याच्या तंत्राने) फ्रेमशिफ्ट केला तरी पुढच्या एटीजीपासून प्रथिन सुरू होऊ शकतं किंवा बिघडलेला एक्झॉनच वगळला जाऊ शकतो. डीएनएचं सीक्वेन्सिंग पुरत नाही. आरएनए आणि प्रथिन दोन्ही तपासा.

झीब्राफिशमधली भानगड आणखी खोल निघाली. ईजीएफएल-७ या जनुकाची पातळी मॉर्फोलिनोने (आरएनए अडवणाऱ्या रेणूने) खाली आणली की रक्तवाहिन्या बिघडत, पण म्युटंट बरे असत. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की म्युटंटमध्ये दुसरी जनुकं वाढून भरपाई करतात. २०१९ मध्ये कारणही कळलं: बिघडलेल्या आरएनएची मोडतोड हाच सारख्या सीक्वेन्सच्या जनुकांना जागं करणारा इशारा असतो. म्हणून प्रमोटरच उडवून आरएनए तयारच होऊ दिला नाही, तर भरपाई होत नाही आणि फेनोटाइप दिसू लागतो.

आता १ मधला म्युटंट. त्यात पॉलिमरेज क्रिया गेली होती, पण त्याच प्रथिनाची पाच-प्राइम बाजूने कुरतडण्याची क्रिया शाबूत होती. जनुक पूर्ण काढल्यावर जिवाणू साध्या माध्यमावर वाढले, समृद्ध माध्यमावर मात्र नाहीत. ‘हे जनुक नसलं तरी चालतं’ हे विधान करताना कोणता अलील आणि कोणतं माध्यम हे सांगावंच लागतं.

१३. क्रिस्पर आल्यावर जुने स्क्रीन, क्रॉस हे सगळं कशाला शिकायचं?

क्रिस्पर म्युटंट बनवून देतं. त्याचा अर्थ ८ ते १२ मधल्या रीतींनीच लावावा लागतो. शिवाय क्रिस्परने तुम्ही ठरवलेलं जनुक कापता. कोणतं जनुक कापायचं हेच माहीत नसेल तर? लिन-४ हा पहिला मायक्रोआरएनए कृमींच्या म्युटंटचा पाठपुरावा करताना १९९३ मध्ये सापडला. असा काही आरएनए असेल ही कल्पनाच तेव्हा नव्हती, त्यामुळे तो कुणी ठरवून कापला नसता. त्याचं नोबेल २०२४ मध्ये आलं.

सिकल सेलवरच्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. त्यात सिकलचं म्युटेशन दुरुस्त करत नाहीत. बीसीएल-११ए या जनुकाचा फक्त लाल रक्तपेशींच्या वंशात चालणारा एन्हान्सर तोडतात, म्हणजे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं. हे लक्ष्य मिळालं ते माणसांतल्या नैसर्गिक फरकांच्या अभ्यासातून: काही प्रौढांत हे हिमोग्लोबिन जास्त का असतं, या जुन्या पद्धतीच्या प्रश्नातून.

१४. आई सिकल सेलची वाहक, वडिलांची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह, तरी मुलाला सिकलचा आजार. हे कसं शक्य आहे?

विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली इथल्या विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न येतो, आणि अनेकदा तो पुस्तकातला नसतो. म्हणून आधी हे: अशा निकालावरून पितृत्वाबद्दल शंका घेण्याची घाई कुणी करू नये.

सोल्युबिलिटी टेस्ट फक्त हिमोग्लोबिन एस आहे की नाही एवढंच सांगते. वाहक आणि रुग्ण यांतला फरकही तिला कळत नाही, आणि बीटा-थॅलसेमिया तर अजिबात दिसत नाही. वडील बीटा-थॅलसेमियाचे वाहक असतील तर त्यांची टेस्ट निगेटिव्हच येणार. भारतात सर्वाधिक आढळणारं बीटा-थॅलसेमियाचं म्युटेशन पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या जागी, जीचं सी झालेलं: प्रथिनाच्या कोडला धक्का नाही, पण स्प्लायसिंग बहुतांशी चुकतं. मुलाला आईकडून एस आणि वडिलांकडून हा अलील मिळाला की त्याच्या रक्तात प्रामुख्याने एसच उरतं. दोन म्युटेशन वेगळी, स्वरूप वेगळं, पण जनुक तेच, म्हणून कॉम्प्लिमेंटेशन नाही. दोन कर्णबधिर पालकांना ऐकू येणारं मूल होतं तेव्हा उलट घडलेलं असतं: जनुकं दोन होती. वडिलांची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) केली की हिमोग्लोबिन ए-२ साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर दिसतं आणि गुंता सुटतो.

एस आणि बीटा-थॅलसेमिया एकत्र आले की आजार होतो, मग एस आणि अल्फा-थॅलसेमिया एकत्र आले तर? अल्फा हे वेगळं जनुक. सिकलच्या रुग्णात ते थोडं बिघडलेलं असेल तर पेशीतलं हिमोग्लोबिन विरळ होतं, एसचे दांडे कमी बनतात आणि रक्तपेशी फुटण्याचं प्रमाण घटतं. म्हणजे ते बिघाड वाढवत नाही, काही अंशी सप्रेस करतं. भारतातल्या सिकल रुग्णांत सर्रास आढळणाऱ्या अरब-भारतीय हॅप्लोटाइपमध्ये (जनुकाभोवती एकत्र वारशाने येणाऱ्या फरकांच्या संचात) गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त राहतं, तो आणखी एक मॉडिफायर. तरीही त्याच हॅप्लोटाइपचे काही रुग्ण वारंवार दवाखान्यात असतात, तेव्हा एका जनुकाच्या रिपोर्टवरून कुणाला ‘तुमचा सौम्य आहे’ असं सांगू नये. लहान बाळाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी: सहा महिन्यांच्या आत एसचं प्रमाण कमी असल्याने सोल्युबिलिटी टेस्ट फसवी निगेटिव्ह येऊ शकते.